खूणगाठ

ठोकळा आधी बर्फावर ठेवते,
मेण गार झालं की पातं अडत नाही.
चार मायक्रॉनची चकती
कोमट पाण्यावर सोडायची, ब्रशनं तिच्या सुरकुत्या काढायच्या,
निजलेल्या माणसाच्या अंगावरची चादर सारखी करावी तशा.
तेवीस वर्षं हेच. टार्टू, तळमजला.
खिडकीबाहेर एमायोगी वाहते, तिच्या नावाचा अर्थ आईनदी.

ठोकळ्यावर नाव नसतं, आकडा असतो.
ह्या आकड्याचं नाव मला ठाऊक आहे.
फेवरोनिया. कोल्क्या गावची,
पेइप्सी तळ्याकाठी कांदे लावणारी, कोळ्यांची जाळी सांधणारी.
पहिल्या खेपेला वाट चुकून माझ्याच दारात आली,
हातात कांद्यांची वेणी,
म्हणाली, माझी गाठ कुठं ठेवलीय, बघू.

असं दाखवत नाहीत कुणाला.
मी दाखवली.
लेन्सला डोळा लावून बराच वेळ उभी होती.
"कांद्याचा पापुद्रा असतो तशी आहे की.
आणि एवढीशीचा माझ्यावर एवढा डोळा!"

अहवाल आला: एका जनुकात चार अक्षरं गळलेली,
आईकडून आलेली ही गळती,
तिथून पुढचं सगळं वाक्य बरळल्यासारखं.
डॉक्टर टाम्मसालू फारसे हसत नाहीत.
त्या दिवशी म्हणाले, खूण चांगली आहे, विल्वे.
ज्याला स्वतःचं फाटलेलं सांधता येत नाही
ते प्लॅटिनमपुढं टिकत नाही.

नाहीच टिकलं.
रक्तातला आकडा आठशेवरून नऊवर आला.
दोन हिवाळे तिनं गोठलेल्या तळ्यावर काढले,
बर्फाला भोक पाडून, स्टुलावर बसून.
डब्यातून मासे पाठवले मला, खारवलेले,
झाकणावर माझं नाव चुकीचं लिहून.

तिसऱ्या हिवाळ्यात
नऊ.
बावीस.
एकशे एकोणसत्तर.

दुसरा ठोकळा बर्फावर ठेवला.
ह्या वेळी पेशींच्या कडा गडद तपकिरी उठल्या.
दारोदार पंप बसलेले,
औषध आत आलं की त्याला वाटेला लावणारे.
पण ते नंतर.
आधी ते वाक्य वाचलं:
गळलेल्या चारांशेजारी आणखी दोन अक्षरं गळली होती.
तीन दुणे सहा.
तिनातिनानं वाचायची ती लिपी,
वाक्य पुन्हा जुळलं होतं.
यंत्र चुकलं असेल म्हणून पुन्हा लावलं.
यंत्र चुकलं नव्हतं.
गाठ सांधायला शिकली होती.

रकान्यात शब्द लिहायचा असतो. मी लिहिला: दुरुस्ती.
मग बराच वेळ
हातमोजे काढायचे राहूनच गेले.

ती बाकावर होती. डॉक्टर अजून यायचे होते.
मला विचारू नकोस, असं मी चेहऱ्यानं सांगून पाहिलं.
तिनं विचारलंच.
म्हटलं, जे भोक होतं ते बुजलंय.
"कुणी बुजवलं?"
तिनंच. गाठीनं.
"नीट?"
फार नीट.

खोटं बोलायला हवं होतं का, कोण जाणे.
फेवरोनियानं मान हलवली,
संताप नव्हता त्यात, निदान लगेच तरी नाही.
एका कारागिरानं दुसऱ्याचं काम उलटंपालटं करून बघावं,
टाका ओढून पाहावा,
आणि खोट काढता येऊ नये,
तशी.
मग म्हणाली, "आमच्या घरातलीच म्हणायची."
आणि थेट तळ्याचं बोलू लागली,
ह्या वर्षी बर्फ पातळ आहे, पोरं ऐकत नाहीत.

मार्चमध्ये तिची मुलगी आली एकटीच.
कापितोलिना. काळा रुमाल, नखांत माती.
बाही वर केली, तोंड भिंतीकडं.
तीच चार अक्षरं शोधायची आहेत आता,
आहेत की नाहीत.
नळी माझ्या हातात दिली तेव्हा
कोमट होती अजून.

आकडा लिहिला.
नाव लिहायचं नसतं.